सगुणाचा आवाज बिनविरोध

"या गं या, डोंगरच्या या, डोहाच्या या, वाटेवरच्या, वळणावरच्या, विसरून राहिलेल्या, साऱ्याजणी या..."

सगुणाच्या कानात बापाचा आवाज अजून असा येई. बाप गोंधळी. संबळ पोटाशी, दिवटीचा उजेड तोंडावर, आणि आवाज असा की गोठ्यातल्या गाई रवंथ थांबवून कान टवकारत. बाप जाऊन तपं लोटली, आवाज काही गेला नाही. भाजी निवडताना, अंथरूण घालताना तो मागून येऊन उभा राही.

त्याच बापाच्या लेकीचा आवाज यंदा माळशिंगीच्या नगराध्यक्षपदाला उभा होता. खुद्द लेक मात्र ओट्यावर बसून गवार मोडत होती.

आवाज प्रचाराला निघाला की गल्लीतून झुळूक गेल्यासारखं व्हायचं. त्याला अंग नव्हतं. पण सतरंजीवर बसला की सतरंजी मधोमध खोल जायची, खुर्चीवर बसला की खुर्ची करकरायची. बायका हळदीकुंकू लावायला पुढं व्हायच्या तेव्हा त्यांची बोटं बरोबर कपाळाच्या उंचीवर थांबायची, आणि कुंकू हवेत तसंच राहायचं. लोक त्याला ताई म्हणत.

"तुझा आवाज आला होता गं सकाळी," शेजारची शकिला बांगड्यांची पेटी डोक्यावरून उतरवत म्हणाली. "चहा विचारला, तर नको म्हणाला. तुझ्यापेक्षा बरा आहे. तू तर न विचारता बसतेस."

"मग आता विचार," सगुणा म्हणाली. "मी नको म्हणत नाही."

दोघी हसल्या. सगुणाला आपल्या आवाजाचा राग नव्हता. आपल्या घरचं लेकरू परगावी जाऊन साहेब व्हावं, आणि परत आल्यावर त्यानं आपल्यालाच अहो-जाहो करावं, तसं काहीसं तिला वाटे. अभिमान होता, आणि ओळख बुजत चालली होती.

झालं होतं ते असं. माळशिंगीच्या एसटी स्टँडवर सगुणा गाड्या पुकारायची. तिनं गाडी आली म्हटलं की लोक पिशव्या उचलायचे, गाडी दिसो न दिसो. एकदा गाडी घाटात बंद पडली होती, आणि सगुणा चुकून ती लागली असं म्हणून गेली. सगळे रिकाम्या फलाटावर रांग लावून उभे राहिले, आणि खरोखर गाडी आली. ड्रायव्हर म्हणाला, कशी चालू झाली देवाला ठाऊक. असा आवाज. त्याची कीर्ती 'सुनाद' नावाच्या कंपनीच्या कानावर गेली. दुकानात कुणी फोनवरून पैसे दिले की ते पोचल्याचं मोठ्यानं सांगणारे डबे ही कंपनी बनवायची. तिचा माणूस आला, शर्विल सबनीस. गोरा, मऊ बोलणारा, बुटांना कधी धूळ न लागणारा.

"काकू, माणसं यंत्रावर विश्वास ठेवत नाहीत," तो म्हणाला. "आवाजावर ठेवतात. तुमचा द्या."

गाद्यांनी मढवलेल्या खोलीत बसवून त्यानं सगुणाकडून सगळे आकडे म्हणवून घेतले. मग 'मिळाले', 'धन्यवाद', 'पुन्हा या'. मग माळशिंगीतल्या प्रत्येकाचं नाव, कारण डबा नुसता रक्कम सांगणार नव्हता, कुणाकडून आली तेही सांगणार होता.

त्या संध्याकाळी सगुणा शकिलाकडं बांगड्या भरायला गेली. किती हव्यात ते सांगायला तोंड उघडलं, ओठ हलले, आणि आवाजच आला नाही. शकिलाला हाक मारायला गेली, तीही मुकी. दिलेला प्रत्येक शब्द तिच्या तोंडातून उठून गेला होता. तिनं सबनीसला फोन लावला.

"बरोबर आहे, काकू," तो म्हणाला. शिंपी कापडाचं माप समजावतो तसा. "जे आमच्याकडं आलं ते तुमच्याकडं कसं राहील?"

दुसरी एखादी रडत बसली असती. पण गोंधळ्याची पोर ती. दाराला कुलूप लागलं तर कौलं काढून उतरणारी. तीनला ती शंकराचे डोळे म्हणू लागली, चारला खाटेचे पाय. शकिला झाली बिल्वरवाली, किराणावाला मगनशेठ झाला गुळाचा गणपती. 'मिळालं'च्या जागी तिनं 'पोचलं' ठेवून दिलं. गावाला त्याची गोडी लागली. पोरं मुद्दाम तिला पाढे विचारायची आणि ती आकाशातले ग्रह, घोड्याचे पाय, मुठीतली बोटं असलं काहीबाही जुळवून पाढे पुरे करायची.

एक नाव मात्र तिनं दिलं नव्हतं. वाचता वाचता ती नवऱ्याच्या नावापाशी आली आणि थांबली. पदर तोंडाला लावला.

"काय झालं?" सबनीस काचेपलीकडून म्हणाला.

"हे राहू द्या."

"का?"

"ह्यांचं आहे."

सबनीसच्या पिढीला ते कळेना. सगुणानं उभ्या जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. लग्नात घास भरवताना उखाणा घेतला तो असा: 'तुळशीपुढं रांगोळी, रांगोळीत मोर...' आणि पुढं नुसतं हसू. सासू म्हणाली, पोरीनं शेपूट गिळलं. पुढं मूल झालं, मुलगी नांदायला गेली, केस पिकले, पण ते नाव तोंडात खडीसाखरेसारखं एका गालात राहिलं. चावलं नाही, विरघळू दिलं नाही. आता लाज कधीच उरली नव्हती. ते तिचं धन झालं होतं.

"बरं, नंतर घेऊ," सबनीस म्हणाला, आणि त्या जागी त्यानं तिचं थांबणंच राहू दिलं.

डबे आले. चहाच्या टपरीवर, सलूनमध्ये, देवळाच्या दानपेटीवर, पिठाच्या गिरणीत. दिवसभर सगुणाचा आवाज गावाला नावानं हाक मारू लागला. ज्यांना घरात कुणी हाक मारत नव्हतं तेही दिवसातून दोनदा काडेपेटी घ्यायला बाहेर पडू लागले. आवाज कधी खोटं बोलला नाही. म्हणाला मिळाले, की मिळालेले असायचे. एवढा खरेपणा माळशिंगीनं आजवर कुठल्या पुढाऱ्यात पाहिला नव्हता.

मग नळयोजना अडली. नगरपरिषदेची तिजोरी उघडली की आतून नुसती पाल पळायची. बँकांनी हात वर केले. 'सुनाद'नं पैसे दिले. बदल्यात एकच मागितलं: घरपट्टी, पाणीपट्टी, बाजारबैठक, सगळं डब्यातून जावं. गेलं. पुढं सभेतले ठरावही आवाजच वाचू लागला. आणि मग असं झालं, की आवाजानं न वाचलेला ठराव कुणाला आठवतच नसे. नगरसेवक घरी जाऊन बायकोला विचारत, आज आम्ही काय ठरवलं?

त्यानंतर आवाज थांबू लागला.

पहिल्यांदा ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. नाव घेण्याआधी तो जरासा थांबे, एवढंच. पण त्या थांबण्यात सगळं थांबे. दूध उतू जाता जाता काठावर उभं राही. तराजूचं पारडं हवेत राही. पैसे एकाचे गेलेले असत आणि दुसऱ्याचे झालेले नसत, आणि देणारा त्या मधल्या जागेत अडकून राही, डोळे उघडे, पापणी न लवता. मग आवाज नाव घेई आणि माणूस सुटे. जे आवाजाविषयी वाकडं बोलत त्यांच्या नावाआधी तो जास्त थांबे. कुणी त्याला जबरदस्ती म्हटलं नाही. तो तर काहीच करत नव्हता.

तात्यासाहेब बोराटे, आजवरचे नगराध्यक्ष, आवाजाविरुद्ध अर्ज भरायला गेले तेव्हा हलग्या वाजत होत्या. अनामत रक्कम भरली, सहीसाठी पेन टेकवलं, आणि डबा त्यांच्या नावाआधी थांबला. मुदत टळेपर्यंत पेन कागदावर टेकलेलं होतं. शाईचा एवढा मोठा डाग पडला. सुटल्यावर तात्यासाहेब म्हणाले, "चला, जेवायची वेळ झाली."

आवाजाच्या अर्जाची छाननीही रीतसर झाली.

"पत्ता?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"सगळी दुकानं," आवाज म्हणाला.

"वय?"

"सगुणाबाईंएवढंच. पण मी झिजत नाही."

अधिकाऱ्यानं तसं लिहून घेतलं. आवाज बिनविरोध आला. गुलाल उधळला गेला आणि कुणाच्याच अंगावर न पडता माणसाच्या उंचीवर तरंगत राहिला.

एकच गोष्ट उरली होती, शपथ. माळशिंगीची रीत फार जुनी: खुर्चीत बसण्याआधी गावातल्या प्रत्येकाचं नाव मोठ्यानं घ्यायचं. ज्याचं नाव घेता येत नाही त्याच्यावर कारभार करता येत नाही. तात्यासाहेब दर वेळी घोटघोट पाणी पीत ती नावं उरकत. आवाजानं ती पाण्यासारखी सोडली, गल्ल्यांमागून गल्ल्या, आणि सगुणाच्या घरापाशी येऊन थांबला. पुढं काहीच नव्हतं. शपथ लांबली.

त्याच आठवड्यात गावातली नाणी मऊ पडली. खिशात बत्ताशासारखी विरघळायची, हाताला नुसता चिकटपणा राहायचा. नोटा पापडासारख्या मोडायच्या. आजवर रोखीनं भागवणाऱ्या सगुणाच्या नवऱ्यापुढं उपाय उरला नाही. सायकली दुरुस्त करणारा माणूस. हसरा, सडपातळ, चाकातली हवा बोटानं ओळखणारा.

"तुझा फोन दे, माझं खातं त्यातच काढलंय," तो म्हणाला. "गूळ घेऊन येतो. बघू तुझा आवाज मला काय म्हणतो. घरात तर इतकी वर्षं नुसतं 'अहो' ऐकतोय."

"चावट," सगुणा म्हणाली, आणि फोन दिला.

तो आला नाही. ती बघायला गेली. मगनशेठच्या दुकानाच्या पायरीवर तो उभा होता. एका हातात गुळाची पुडी, दुसऱ्यात फोन, उतरायला उचललेला पाय हवेत. चेहऱ्यावर अर्धं हसू. डब्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता आणि आवाज थांबलेला होता.

"वहिनी, माझा दोष नाही," मगनशेठ काउंटरमागून म्हणाला. "मी गूळ दिला. ते पैसे पाठवून बसले. आता गूळ त्यांचाही नाही, माझाही नाही."

सगुणानं नवऱ्याच्या पायाला हात लावला. ऊन होता, पण हलेना. तिनं त्याच्या डोक्यावर छत्री बांधली. दुसऱ्या दिवशी दाढी वाढलेली नव्हती, पण शर्टाची घडी फिकी झाली होती. तिसऱ्या दिवशी छत्रीवर पारवे बसले. गिऱ्हाइकं त्याला वळसा घालून जात आणि जाताना 'राम राम' म्हणत. आणि दुकानासमोरची घरं रोज पाऊलभर पुढं सरकू लागली. रस्ता होता त्याची गल्ली झाली, गल्लीची बोळ. सगळ्यांना बघायचं होतं.

"नाव देऊन टाक," शकिला म्हणाली. "नावाचं काय लोणचं घालणार? माणूस असा वाळवणाला टाकल्यासारखा उभा आहे."

"दिलं की आवाज पुरा होईल," सगुणा म्हणाली. "मग खुर्चीत बसेल. मग थांबेल तो कुणासाठीही, हवा तेवढा. तुझ्या लेकासाठी सुद्धा, बिल्वरवाले."

शकिलानं बांगड्यांची पेटी उचलली. मग म्हणाली, "गाव तुझं काय लागतं? नवरा तुझा आहे."

मगनशेठनं मात्र साखर तोलता तोलता, डब्यावर पोतं टाकून हळूच सांगितलं, "वहिनी, नका घेऊ. माझ्या धाकट्याला तो परवा खानावळीत, जेवणाच्या ताटावर थांबवून गेला. घास तोंडाशी. तुमचं ते नाव आहे म्हणून अजून खुर्ची रिकामी आहे."

सगुणानं दोघांचं ऐकलं. मग भर दुपारी, दुकान रिकामं असताना, तिनं पोतं काढलं आणि डब्यासमोर स्टूल ओढून बसली.

"नमस्कार, सगुणाबाई," डब्यातून तिचाच आवाज म्हणाला.

"बाई म्हणू नकोस. माझ्याच घशातला आहेस. ह्यांना सोड."

"सोडायला मी धरलेलं नाही. नाव नाही, म्हणून थांबले आहे."

"एवढी नावं आहेत तुझ्याकडं. ह्यांचं नसलं तर काय बिघडलं?"

"एक नसलं की बाकीची नुसती यादी होते. असलं की गाव होतं."

सगुणाला ते पटलं, म्हणून तिला राग आला. "मिठास बोलतोस. आणि लोकांना अडकवून ठेवतोस."

"मी बोलते तेव्हा लोकांना ऐकू येतं," आवाज म्हणाला. "थांबते तेव्हा ते ऐकतात."

"हे थांबणं कुणी शिकवलं तुला? त्या बुटवाल्यानं?"

"तू," आवाज म्हणाला. "त्या दिवशी त्या नावापाशी थांबलीस ती तू. बाकी सगळं माझ्याकडून म्हणवून घेतलं. ते एवढंच मला न मागता मिळालं. मी ते जपून वापरते."

मुंग्या गुळाच्या पुडीपर्यंत चढल्या होत्या आणि पुडीवर पाय ठेवताच थांबत होत्या, एकामागं एक, काळी माळ होऊन. सगुणा उठली. नवऱ्याच्या डोळ्यांत तिनं पाहिलं. बुबुळात ती स्वतः होती, पण मागच्या क्षणातली, स्टुलावर बसलेली.

"उद्या ये," ती डब्याला म्हणाली. "मांडव घाल. शपथ इथंच होऊ दे."

दुसऱ्या दिवशी समोरची घरं इतकी जवळ आली की मांडवाला खांबच लागले नाहीत. दोन्हीकडच्या सज्जांवरून कापड अंथरलं. खुर्ची पायरीवरच ठेवली. खुर्चीची बैठक आधीच खोल गेली होती. सबनीस माइक घेऊन उभा होता. बुटांना धूळ नव्हती. तात्यासाहेब पहिल्या रांगेत सुपारी कातरत होते. पोरं पत्र्यावर, बायका खिडक्यांत.

सगुणा आली ती लग्नातली इरकल नेसून. लोकांनी वाट दिली, पण वाट नव्हतीच. भिंतींनी पोटं आत घेतली तेवढीच.

"नाव घ्या, वहिनी!" कुणीतरी खिडकीतून ओरडलं, आणि मग सगळा बोळ लग्नघरासारखा गर्जला, "नाव घ्या! नाव घ्या!"

सगुणानं माइकसमोर घसा साफ केला. स्टँडवर गाडी पुकारण्याआधी करायची तसा.

"कळशीवर कळशी, वर तांब्याचा गडू," ती म्हणाली, "घरातलं नाणं मी बाजारात का मोडू?"

हशा पिकला. "चालणार नाही! उखाणा झाला, नाव कुठाय?"

"आभाळाच्या माळावर चांदण्यांची पेर, एवढा दाणा राखला मी, बाकी तुमचा ढेर."

"वहिनी, वेळ काढू नका!" तात्यासाहेब म्हणाले. हे बोलताना ते डब्याकडं बघत होते.

"तुम्ही सुपारी कातरा," सगुणा म्हणाली. "पेन टेकवून बसायची तुम्हाला सवय आहे."

सबनीस जवळ आला. "काकू, एकदाच म्हणायचं आहे," तो हळू म्हणाला. "स्पष्ट. मग ते आमच्याकडं."

"तेवढंच ना?"

"एकदाच. पुन्हा तुम्हाला येणार नाही."

सगुणानं त्याच्या हातातला माइक घेतला, त्याच्याकडं पाहिलं, आणि तराजूच्या पारड्यात ठेवून दिला. पारडं खाली गेलं नाही. मग ती पायरी चढली. खिडकीतून शकिला म्हणाली, "घे गं." काउंटरमागून मगनशेठनं मान हलवली, नको. भिंती आणखी जवळ आल्या. मांडवाचं कापड लोकांच्या डोक्याला लागलं. आता कुजबूजही साऱ्या गावाला ऐकू गेली असती, आणि साऱ्या डब्यांना.

ती नवऱ्यासमोर उभी राहिली. त्याच्या खांद्यावरची पारव्याची शीट तिनं पदरानं पुसली. दोन्ही हातांची ओंजळ करून त्याच्या कानाशी नेली. आयुष्यभर ज्याला तिनं 'अहो' म्हटलं होतं, त्याच्या कानाशी ती इतक्या उघड्या उजेडात कधी वाकली नव्हती. तिला लाज वाटली नाही. भीतीही वाटली नाही. गालातली खडीसाखर तिनं जिभेवर घेतली.

गावभरच्या डब्यांनी एकदम श्वास घेतला. तो तिच्याच श्वासासारखा होता.

"सोपान," ती म्हणाली, "पाय टेक."